स्थापत्यविद्येची पदवी आणि रत्नागिरीची परीक्षा

जून महिना लागला म्हणजे कोंकणांतील माणसें दोन गोष्टींकडे डोळे लावून बसतात. एक मृगाच्या सरी आणि दुसरी मुलांच्या परीक्षांचे निकाल. सरी आपल्या मर्जीनें येतात. निकाल मात्र लागतात, आणि ते लागले कीं घरोघरीं ओटीवर एकच चर्चा सुरू होते. मुलाला कोणत्या शाखेंत घालावयाचें? मुलीला इंजिनियर व्हावयाचें आहे, पण कसली इंजिनियर? अलीकडे या प्रश्नाचें उत्तर बहुधा संगणकाच्या बाजूनें लागतें, व स्थापत्याची शाखा मागें पडते. ‘रस्त्यावर उन्हांत उभें राहावयाचें, त्यापेक्षां खोलींत बसून चार पैसे अधिक मिळतात तें काय वाईट?’ असें वडील मंडळी म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें आहे असें आम्हांस म्हणतां येणार नाहीं. तथापि जी पदवी आपण इतक्या सहजपणें बाजूला सारतों तिच्यांत काय शिकवितात, तें शिकविणें कोठून सुरू झालें आणि त्याचा आपल्या या डोंगराळ, पावसाळी जिल्ह्याशीं काय संबंध आहे, याचा थोडा इतिहास वाचकांपुढें ठेवावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

विद्यापीठें नव्हतीं तेव्हां बांधकामाची विद्या नव्हती, असा समज कोणी करून घेऊं नये. रत्नदुर्ग, जयगड, सुवर्णदुर्ग हे किल्ले समुद्राच्या लाटा खात आजहि उभे आहेत, आणि ते ज्यांनीं बांधले त्या गवंड्यांपाशीं कोणतीहि पदवी नव्हती. जांभा दगड खाणींतून ताजा काढला असतां हत्यारानें सहज तासतां येतो व उघड्या हवेंत राहिल्यावर कठीण होतो, हें कोंकणांतील पाथरवटास पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें. फ्रान्सिस बुकॅनन यानें १८०७ सालीं आपल्या प्रवासवर्णनांत या दगडास लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरून ‘लॅटराइट’ असें नांव दिलें, तें त्या मानानें फार उशिरां. ओढ्यावरचा साकव कोठें घालावा हेंहि गांवांत सर्वांस माहीत असे. ज्या झाडाच्या बुंध्यापर्यंत आजोबांच्या आठवणींत पाणी चढलें होतें त्याच्या वर साकवाचे वासे टाकावयाचे, ते वाहून गेलेच तर पावसाळ्यानंतर पुन्हां घालावयाचे, असा तो साधा हिशेब होता. या विद्येंत उणीव होती ती एवढीच, कीं ती एका गांवाची विद्या दुसऱ्या गांवास उपयोगी पडत नसे. मेस्त्रीचा हात व डोळा त्याच्याबरोबरच जात. मागें उरत तीं कामें, त्यांचें गणित नव्हे.

तें गणित मराठींत आणण्याचा पहिला प्रयत्न मुंबईस झाला. पेशवाई १८१८ सालीं बुडाल्यावर हा सारा मुलूख कंपनी सरकारच्या हातीं आला आणि त्याची मोजणी करणें त्या सरकारास अगत्याचें झालें. दक्षिण कोंकणच्या मोजणीचें काम १८१९ पासून थॉमस बेस्ट जार्व्हिस या लष्करी इंजिनियरानें केलें. कोंकणच्या भूगोलावर व एकंदर स्थितीवर त्याचा जो ग्रंथ पुढें १८४० सालीं प्रसिद्ध झाला तो अद्यापि इतिहासकारांच्या उपयोगीं पडतो. याच थॉमसचा भाऊ जॉर्ज जार्व्हिस मुंबईस होता. त्याच्या देखरेखीखालीं १८२३ च्या सुमारास तेथें एक इंजिनियरिंगची शाळा निघाली. सरकारच्या मोजणीच्या व बांधकामाच्या कामावर नेमण्यासाठीं देशी मुलें तयार करणें हा तिचा हेतु होता, आणि विशेष गोष्ट ही कीं तिच्यांतील शिक्षण मराठी व गुजराती भाषांतून दिलें जाई. त्यासाठीं जॉर्ज जार्व्हिसनें जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्या पंडितांचें साहाय्य घेऊन गणिताचीं पुस्तकें मराठींत तयार करविलीं. मराठी गद्याला अजून पुरतें बाळसें धरावयाचें होतें, वृत्तपत्रें निघावयाचीं होतीं, कादंबरी तर स्वप्नांतहि नव्हती; अशा काळीं आपल्या भाषेंत भूमिति व त्रिकोणमिति छापली जात होती, हें आज किती जणांस ठाऊक आहे?

ती शाळा फार दिवस टिकली नाहीं. पुढल्या दशकांत ती बंद पडली. परंतु तिच्यामागें जो वाद राहिला तो फार महत्त्वाचा आहे. १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षणमंडळांत वरचें शिक्षण कोणत्या भाषेंत द्यावें यावर मोठी खडाजंगी झाली. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा पक्ष इंग्रजीचा. जार्व्हिस व नाना शंकरशेट यांचा पक्ष देशी भाषांचा. विद्या थोड्यांना इंग्रजींतून द्यावी आणि ती त्यांच्यापासून खालीं झिरपूं द्यावी, असें एक पक्ष म्हणे. जी विद्या लोकांच्या भाषेंत नाहीं ती लोकांपर्यंत कधींच पोंचणार नाहीं, असें दुसरा म्हणे. वरच्या शिक्षणांत अखेर इंग्रजीचीच सरशी झाली. या निकालाचे परिणाम आपल्या रस्त्यांवर, पुलांवर व धरणांवर कसे उमटले हें आपण पुढें पाहूं.

१८५४ सालीं पुण्यास ‘इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नांवानें नवा आरंभ झाला. इमारती, पूल, कालवे, धरणें आणि नुकतीच सुरू झालेली आगगाडी यांच्या कामांवर देखरेख करणारे दुय्यम नोकर सरकारास हवे होते, व ते तयार करणें एवढीच या वर्गापासून अपेक्षा होती. स्वतंत्र बुद्धीनें रचना करणारा इंजिनियर विलायतेंतून यावयाचा आणि त्याचें सांगणें मजुरांस समजावून देणारा ओव्हरसियर येथें घडवावयाचा, अशी ती विभागणी होती. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. त्यानंतर नऊ वर्षांनीं, म्हणजे १८६६ सालीं, पुण्याचें हें विद्यालय त्याला जोडलें गेलें आणि ‘लायसेन्शिएट ऑफ सिव्हिल इंजिनियरिंग’ म्हणजे एल. सी. ई. ही पदवी येथील विद्यार्थ्यांस मिळूं लागली. मधल्या काळांत त्याचें नांव सायन्स कॉलेज असें होतें. तेथील प्राचार्य थिओडोर कुक यांनीं मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ लिहिला तो प्रसिद्धच आहे. इंजिनियरिंग कॉलेजाच्या प्रमुखानें झाडापानांची नोंद करीत बसावें याचें आज कोणास हसूं येईल. परंतु जमिनीवर काय उगवतें हें पाहण्याची संवय ही त्या जमिनीवर बांधणाऱ्यास मुळींच निरुपयोगी नव्हे. पुढें १९११ सालीं विद्यालयास ‘कॉलेज ऑफ इंजिनियरिंग’ हें नांव मिळालें व त्याच सुमारास एल. सी. ई. च्या जागीं बी. ई. ही पदवी आली.

दुय्यम नोकर घडविण्यासाठीं निघालेल्या या संस्थेनें काय केलें, हें पाहावयाचें तर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचें एकच नांव पुरे आहे. म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन ते पुण्यास आले, १८८३ सालीं एल. सी. ई. च्या परीक्षेंत पहिले आले, आणि दुसऱ्याच वर्षीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत लागले. खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनीं १९०३ सालीं आपोआप उघडमीट होणारे दरवाजे बसविले. धरणाची उंची न वाढवितां त्यांनीं पाण्याचा सांठा वाढविला, आणि पूर आल्यास दरवाजे कोणाच्या हुकुमाची वाट न पाहतां उघडतील अशी तजवीज करून ठेविली. पुस्तकांतील जलशास्त्र व मुठेच्या पुराची प्रत्यक्ष पाहणी यांचा असा मिलाफ क्वचितच दिसतो.

आतां या पदवींत शिकवितात तरी काय? अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. प्रथम गणित, पदार्थविज्ञान, रसायन, यंत्रशास्त्राचीं मूलतत्त्वें व रेखाचित्र. मग मोजणी, द्रव्यांचें बल, प्रवाही पदार्थांचें शास्त्र, भूगर्भशास्त्र व इमारतींचें बांधकाम. पुढें रचनांचें विश्लेषण, सिमेंट काँक्रीट व पोलाद, मृदाशास्त्र, पाटबंधारे, रस्ते व आगगाड्या, पिण्याचें पाणी व सांडपाणी. आणि शेवटीं खर्चाचे अंदाज, कंत्राटें व एखादा प्रकल्प. ही यादी वाचून कोणाचें मन उचंबळून येणार नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु या विषयांचा इतिहास पाहूं गेल्यास असें आढळतें, कीं त्यांतील पुष्कळ भाग कोणत्या ना कोणत्या पडझडीनंतर शहाणपण येऊन अभ्यासांत शिरला आहे. स्कॉटलंडांतील टे नदीवरचा पूल १८७९ सालीं वादळांत आगगाडीसह कोसळला, तेव्हांपासून वाऱ्याच्या जोराचा हिशेब इंजिनियर मंडळी काटेकोरपणें करूं लागली. विद्यार्थी ज्या प्रकरणास कंटाळून पान उलटतो त्या प्रकरणाच्या मागें अनेकदां माणसांचे प्राण खर्ची पडलेले असतात.

आपल्याकडील उदाहरणें तर याहून जवळचीं आहेत. मातीच्या धरणांतून पाणी कसें पाझरतें याचें शास्त्र फ्रान्समधील दार्सी यानें १८५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका नियमावर उभें आहे. लोकमान्य टिळकांचा रत्नागिरीस जन्म झाला तें हेंच साल. वाळूच्या थरांतून पाणी किती वेगानें जाईल हें त्यानें प्रयोगानें दाखविलें. पुढें १९२५ सालीं कार्ल टेर्झागी यानें मृदाशास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि माती ही अंदाजानें हाताळण्याची वस्तु न राहतां मोजण्याची वस्तु झाली. पाझरणारें पाणी आपल्याबरोबर मातीचे बारीक कण नेऊं लागलें म्हणजे धरणाच्या पोटांत हळूहळू नळी पडत जाते, आणि एका रात्रींत बांध उभा फुटतो, हें या शास्त्रानें स्वच्छ सांगितलें. असें असूनहि १२ जुलै १९६१ रोजीं, बांधकाम पुरतें संपण्यापूर्वींच, पानशेतचें मातीचें धरण फुटलें व पुण्यांत हाहाकार उडाला. ज्या शहरानें या प्रांतास इंजिनियर दिले त्याच शहराच्या पेठा पाण्याखालीं गेल्या.

भूकंपाचा विषय असाच आमच्या दाराशीं येऊन शिकवून गेला. कोयनेचें धरण सातारा जिल्ह्यांत. परंतु त्याचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून खालीं आणून वीज काढतात ती पोफळी चिपळूण तालुक्यांत, आणि तें पाणी शेवटीं वाशिष्ठीला मिळतें. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरास मोठा भूकंप झाला व सुमारें दोनशें माणसें दगावलीं. १०३ मीटर उंचीच्या धरणास तडे गेले, पण तें फुटलें नाहीं, आणि मागाहून त्याला आधार देऊन अधिक बळकट करण्यांत आलें. दक्षिणेचें पठार म्हणजे अचल भूमि, तेथें भूकंपाची चिंता करण्याचें फारसें कारण नाहीं, असें तोंपर्यंत मानीत असत. त्या पहाटेनंतर तें मत टिकलें नाहीं. १९६२ सालीं निघालेलें भूकंपरोधक रचनेचें भारतीय मानक १९७० सालीं सुधारून नव्यानें काढावें लागलें, आणि त्यांतील नकाशाहि बदलला. मोठ्या जलाशयाच्या भारानें व खालीं मुरणाऱ्या पाण्यानें भूकंप होऊं शकतो काय, या प्रश्नाच्या अभ्यासांत कोयनेचें नांव आज जगभर घेतलें जातें.

परंतु या पदवीची सर्वांत कठीण परीक्षा कोंकण रेल्वेनें घेतली असें आम्हांस वाटतें. आमच्या आजोबांच्या पिढीस मुंबईस जावयाचें तर बोट, आणि पावसाळ्यांत बोट बंद. रेल्वेचें स्वप्न पाहतां पाहतां पिढ्या गेल्या. अखेर १९९० सालीं स्वतंत्र मंडळ स्थापन झालें, ई. श्रीधरन् यांच्या नेतृत्वाखालीं काम सुरू झालें, आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं संपूर्ण मार्ग खुला झाला. सुमारें साडेसातशें किलोमीटरांच्या या मार्गावर नव्वदाहून अधिक बोगदे आहेत. त्यांतील सर्वांत लांब, साडेसहा किलोमीटरांचा करबुड्याचा बोगदा रत्नागिरीच्या उत्तरेस आहे. आणि रत्नागिरीजवळच पानवलच्या दरीवर ६४ मीटर उंचीचा पूल आहे. एवढ्या उंचीवर खालून परांची उभारणें दुर्घट, म्हणून पुलाचा वरचा भाग एका टोंकास तुकड्यातुकड्यांनीं ओतून तो पुढें पुढें ढकलीत नेण्याची युक्ति तेथें योजली गेली. भारतांत ती तेथेंच पहिल्यानें वापरली गेली. ढकलतांना त्या तुळईच्या प्रत्येक भागावर ताण सतत पालटत असतो, आणि तो आधीं कागदावर मोजून ठेवावा लागतो. वर्गांतील फळ्यावर दोन टेकूंवर ठेविलेल्या तुळईचें जें उदाहरण पहिल्या वर्षीं सोडवितात त्याचाच हा थोरला भाऊ.

मात्र पूल व बोगदे बांधून परीक्षा संपली नाहीं. सह्याद्रीचा काळा दगड थरांवर थर असा बसलेला आहे, व त्या थरांच्या मध्यें कोठें कोठें लाल, ठिसूळ मातीचा पट्टा असतो. वर जांभा, त्याच्या खालीं चिकण माती. आमच्या जिल्ह्यांत वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, आणि तोहि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पाणी सच्छिद्र जांभ्यांतून खालीं उतरतें, चिकण मातीवर अडतें, ती निसरडी होते, आणि डोंगराचा उभा कापलेला कडा खालीं येतो. २२ जून २००३ च्या रात्रीं वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळें गाडी घसरून सुमारें पन्नास प्रवासी मृत्युमुखीं पडले. पुढल्याच वर्षीं जून महिन्यांत असाच दुसरा अपघात झाला. तेव्हांपासून कड्यांना जाळ्या लावणें, उतार कमी करणें, पावसाळ्यांत गाड्यांचा वेग उतरविणें व रुळांवर रात्रंदिवस गस्त ठेवणें यांवर भर देण्यांत आला. रुळांवर कंदील घेऊन भर पावसांत चालणारा तो गस्तवालाहि, आमच्या मतें, स्थापत्यविद्येचा एक भाग आहे. कारण गणित जेथें थांबतें तेथून त्याचें काम सुरू होतें.

आतां ज्या गोष्टीमुळें हा लेख लिहिण्याची आम्हांस विशेष प्रेरणा झाली तिच्याकडे वळतों. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील मातीचें धरण फुटलें, खालची वाडी वाहून गेली आणि विसांच्या आसपास माणसें प्राणांस मुकलीं. धरण दोन दशकेंहि धड टिकलें नाहीं. गळती होत असल्याची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केली होती, असें त्या वेळच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें; आणि खेकड्यांनीं धरण पोखरलें असें विधान एका मंत्र्यानें केलें, त्यावर महाराष्ट्र काहीं दिवस हंसला व मग विसरला. आम्ही हंसूं शकलों नाहीं. प्राण्यांच्या बिळांनीं मातीच्या बांधास धोका पोंचतो हें पाठ्यपुस्तकांतहि लिहिलेलें असतें. पण त्याच पुस्तकांत पुढें असेंहि लिहिलेलें असतें कीं, म्हणूनच बांधाची वरचेवर पाहणी करावी, पाझर मोजावा, आणि तो वाढला किंवा गढूळ झाला तर तत्काळ पाणी उतरवावें. दार्सीचा नियम, टेर्झागीचें शास्त्र, पानशेतचा धडा, सारें पदवीच्या अभ्यासांत होतें. गांवकऱ्यांस पाणी दिसत होतें. उणें पडलें तें या दोहोंच्या मधलें अंतर तोडणारें माणूस. देशांत धरणांच्या सुरक्षिततेचा कायदा २०२१ च्या डिसेंबरांत झाला हें चांगलेंच झालें. परंतु कायदा कांहीं बांधावरून चालत जाऊन पाझर पाहत नाहीं.

येथें आम्हांस १८४७ चा तो वाद पुन्हां आठवतो. एका बाजूस इंग्रजींत शिकलेला, इंग्रजींत अहवाल लिहिणारा इंजिनियर. दुसऱ्या बाजूस ‘बांधाच्या पायथ्याशीं पाणी गढूळ येतंय हो’ असें सांगणारा शेतकरी. शेतकऱ्याच्या त्या एका वाक्यांत मृदाशास्त्राचें एक प्रकरण सांठविलेलें आहे, पण तें अहवालांत उतरावयाचें तर कोणीतरी त्याचें मोल ओळखावें लागतें. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें २०२१ सालीं मराठीसह आठ देशी भाषांतून इंजिनियरिंग शिकविण्यास मोकळीक दिली. म्हणजे जार्व्हिस व क्रमवंतशास्त्री यांनीं ज्या वाटेवर पहिलें पाऊल टाकलें होतें तीवर आपण सुमारें दोनशें वर्षांनीं पुन्हां येऊन उभे राहिलों आहों. केवळ भाषा बदलल्यानें सारें साधेल असें आम्ही म्हणत नाहीं. इंग्रजी ग्रंथांवांचून या विद्येचें पुढें चालणार नाहीं हेंहि उघड आहे. परंतु ज्याला पाझर, गळती, सांडवा, मोरी, दरड हे शब्द आपले वाटतात तो ते उच्चारणाऱ्याचें म्हणणें अधिक लक्ष देऊन ऐकेल, एवढी आशा करण्यास हरकत नसावी.

रत्नागिरीस आतां शासकीय तंत्रनिकेतन आहे, इंजिनियरिंगचीं महाविद्यालयें आहेत. पूर्वींसारखें पुण्यास जाऊन खोली घेऊन राहण्याचें कारण उरलेलें नाहीं. येथें शिकणाऱ्या मुलामुलींस प्रयोगशाळेबाहेर पाऊल टाकलें कीं जांभा आहे, खाडी आहे, घाट आहे, बोगदा आहे, आणि चिपळुणापलीकडे तिवऱ्याचा तो फुटका बांधहि आहे. इतकी भरलेली प्रयोगशाळा फार थोड्या विद्यापीठांच्या वांट्यास आली असेल. तेव्हां यंदाच्या जूनमध्यें ओटीवर चर्चा सुरू झाली आणि घरांतील एखादी मुलगी हळूच म्हणाली कीं, ‘आजोबा, मला स्थापत्यच घ्यावयाचें आहे,’ तर तिला पगाराचा आंकडा विचारण्यापूर्वीं आजोबांनीं एकच करावें. पावसाची उघडीप पाहून तिला ओढ्यावर घेऊन जावें आणि आपल्या लहानपणीं पाणी कोणत्या झाडापर्यंत चढलें होतें तें दाखवावें. पुराची ती खूण कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत छापलेली नाहीं.